आदेशात नाव नसलेलं माणूस

बदलीच्या आदेशात सगळं असतं. नाव, पदनाम, सध्याचं ठिकाण, नवं ठिकाण, कार्यमुक्त कधी व्हायचं, रुजू कधी व्हायचं, आणि खाली प्रतिलिपींची लांबलचक यादी. कुणाकुणाला कळवायचं ते त्या यादीत नेमकं लिहिलेलं असतं. नवऱ्याला किंवा बायकोला कळवायचं, असं कुठल्याही आदेशात वाचल्याचं मला आठवत नाही. ते काम संध्याकाळी घरी होतं. ‘कुठं टाकलं?’ ‘लोहाऱ्याला.’ मग मोबाइलवर नकाशा उघडतो आणि पहिला घोटाळा तिथंच होतो. नांदेड जिल्ह्यातलं लोहा वेगळं, जळगाव जिल्ह्यात पाचोरा तालुक्यातलं लोहारा वेगळं, यवतमाळला लागून असलेलं लोहारा आणखी वेगळं. आपण बोलतोय ते धाराशिव जिल्ह्यातलं लोहारा.

महाराष्ट्रात सरकारी बदल्यांसाठी २००५ चा कायदा आहे. एका पदावर साधारण तीन वर्षं आणि बदल्या शक्यतो एप्रिल-मे महिन्यांत, हा त्याचा गाभा. मुलांच्या शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून हे महिने. कागदावर ही सोय चांगली आहे. प्रत्यक्षात न्यायालयं, निवडणुका, पोर्टलच्या अडचणी, विनंत्या आणि रद्द झालेले आदेश यांत बदल्या कधी ऑगस्टपर्यंत, कधी त्याहून पुढं लांबतात. तोवर शाळेचे प्रवेश झालेले असतात, आणि तालुक्याच्या गावात मोजून असलेली बरी घरं गेलेली असतात.

लोहारा १९९९ साली तालुका झाला. त्याआधी हा मुलूख मुख्यतः उमरगा तालुक्यात होता. तालुका झाला की तहसील येते, पंचायत समिती येते, बँका येतात, रुग्णालय येतं. त्यांच्यामागून माणसं येतात. माणसांना राहायला घरं लागतात आणि घरं कार्यालयांच्या वेगानं येत नाहीत. रेल्वे तालुक्यातून जात नाही. सोलापूर-हैदराबाद महामार्ग दक्षिणेकडून नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, उमरगा असा निघून जातो. जिल्ह्याचं ठिकाण वायव्येला, लातूर उत्तरेला, सोलापूर नैऋत्येला. लातूर आणि सोलापूर ही दोन्ही शहरं वाटतात तेवढी लांब नाहीत, पण रोज येऊन-जाऊन केलं तर दोन पावसाळ्यांत कंबर मोडेल इतकी लांब आहेतच. उमरगा त्यातल्या त्यात जवळचं, मोठ्या बाजारपेठेचं.

म्हणून लोहाऱ्याला बदली झालेल्या घरात प्रश्न पडतो तो नोकरी घ्यायची की नाही हा नसतो. नोकरी घ्यायचीच असते. प्रश्न असतो तो बिऱ्हाड कुठं करायचं हा. लोहाऱ्यातच, की उमरग्याला, की थेट लातूरला खोली करून? की जोडीदारानं आणि मुलांनी आहे तिथंच राहायचं आणि नोकरदार माणसानं शनिवारी रात्री घरी पोचून सोमवारी पहाटेची गाडी धरायची? गावातली माणसं हे सगळं तीन शब्दांत विचारतात. नवीन मॅडम रुजू झाल्या की चहाच्या आत प्रश्न येतो: ‘ऱ्हायला कुठं हाव?’ उत्तराची वाट न बघता दुसरा: ‘इथंच, का अप-डाऊन?’

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरं चुकीच्या टोकाकडून शोधायला लागतात, असं माझं मत आहे. ज्याची नोकरी, त्याच्या कार्यालयापासून अंतर मोजायचं आणि त्यात मावेल तिथं घर घ्यायचं, ही आपली रीत. पण ज्याच्या नावानं आदेश आहे त्याला नव्या गावात पहिल्याच दिवशी खुर्ची असते, सहकारी असतात, हजेरीपटावर नाव असतं, नमस्कार करणारी चार माणसं असतात. घर निवडायचं ते दुसऱ्याकडे बघून; सकाळी दहा वाजता दार बंद झाल्यावर आत जो उरतो, त्याचा दिवस कसा जाणार हे बघून. हे म्हणायला सोपं आहे. लोहाऱ्यात ते कसं करायचं, ते जरा तपशिलात बघू.

आधी घर. इथल्या घराकडे बघण्याची नजर बाहेरच्या माणसाला नसते, ती लवकर यावी लागते. या पट्ट्यातलं जुनं घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात असल्या घरासारखा गारवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटं असताना, याच भिंती आणि हीच माळवदं लोकांच्या अंगावर आली. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. बातमीत किल्लारीचं नाव झालं, पण आजच्या लोहारा तालुक्यातल्या सास्तूर, माकणी, सालेगाव, होळी या गावांनी काय सोसलं ते तिथं गेल्याशिवाय कळत नाही. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं तीन मापांची: अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फूट. कुणाला कुठलं, हे जमिनीच्या मालकीवरून ठरलं. रुंद सरळ रस्ते, सारख्या ओळी, आणि जुन्या गावातला शेजार विस्कटलेला.

बदलून येणाऱ्याचा याच्याशी संबंध काय? संबंध असा, की अशा गावातल्या शाळेत नेमणूक झाली आणि गावातच राहायचं ठरवलं, तर भाड्यानं मिळेल ते यातलंच एखादं घर, पुढं पत्रे वाढवलेलं. आणि लोहाऱ्यात घर बघायला गेलात तर मालक स्वतःहून सांगतो, ‘कॉलमचं हाय.’ या दोन शब्दांत तीस वर्षांची भीती आणि थोडं जास्तीचं भाडं, दोन्ही असतं. जुन्या वाड्यातली प्रशस्त, गार खोली स्वस्तात मिळत असेल तर ती का स्वस्त आहे ते समजून घ्यावं. मी तरी लहान पोरं घेऊन माळवदाखाली झोपायचा सल्ला कुणाला देणार नाही.

मग पाणी. माकणीला निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण आहे, म्हणजे तालुक्यात मोठा जलाशय आहे. तरीही भाडेकरूनं विचारायचा पहिला प्रश्न पाण्याचाच: नळ किती दिवसाआड? बोअर आहे का, आणि मे महिन्यात त्याला पाणी असतं का? घर बघायचं तर मेमध्येच बघावं. जुलैत प्रत्येक बोअर चांगला असतो. पाण्याला घाबरून लातूर गाठणाऱ्यांना मात्र एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते लातूर शहराला. शहरात गेलं की पाणी मिळतं, हा समज मराठवाड्यात चालत नाही.

आता माणसं. ओळखीची नावं-गावं बाजूला ठेवू आणि अशा घरांमधून पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून एक जोडपं कल्पू. ती कोल्हापूरकडची, पवित्र पोर्टलमधून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून निवड झालेली. नेमणूक लोहारा तालुक्यातल्या एका वाडीवर. तो शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात, लेथपासून सुरुवात करून सुपरवायझर झालेला. मुलगी चार वर्षांची. आंतरजिल्हा बदली लगेच होत नाही हे दोघांनाही माहीत आहे. तिची नोकरी कायम, त्याची खाजगी. हिशेब केला तर बिऱ्हाड तिच्या मागं जायला हवं. हिशेब कुणालाच चुकलेला नसतो, आणि तरी घरात महिनाभर कुणी नीट जेवत नाही.

कारण बायकोच्या नोकरीमागं नवरा जातो, हे आपल्याकडे अजून डोळ्यांना सवयीचं नाही. देशाची आकडेवारीच बघा. २०२०-२१ च्या नियतकालिक श्रमबल पाहणीत स्थलांतर केलेल्या बायकांपैकी ८६.८ टक्के बायकांनी कारण दिलं ते लग्न. म्हणजे यातल्या बहुतेक बायकांनी आयुष्यात एकदा ‘तिथं जाऊन मी काय करू’ हा प्रश्न गिळलेला असतो. कुणी तो मोठ्यानं विचारतही नाही. तोच प्रश्न पुरुषापुढे आला की मात्र घराची सभा भरते.

तो आला. लोहाऱ्यात आल्यावर त्याला पहिल्या आठवड्यात नवं नाव मिळालं: ‘मॅडमचे मिस्टर’. किराणा दुकानात, गिरणीवर, बसथांब्यावर, सगळीकडे. यात टिंगल नसते, उलट मान असतो. मॅडमच्या नावाला वजन आहे म्हणून मिस्टरांना उधारीही मिळते. उलट बाजूला ‘सरांच्या मॅडम’ असतातच, आणि त्यांना त्याचं काही वाटत असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. पण लेथवर पंधरा वर्षं उभं राहिलेल्या माणसाला सकाळी अकरा वाजता लोहाऱ्याच्या चौकात करायला काही नसतं. कामाची ठिकाणं त्यानं फिरून बघितली. खेडला साखर कारखाना आहे, पण गळीत हंगामावर चालणारं काम. उमरग्याला ट्रॅक्टरची शोरूम, गॅरेज, वेल्डिंगची दुकानं, महामार्गामुळं थोडीफार वर्दळ. बाकी शिवार सोयाबीन, तूर, उडीद आणि पाणी असेल तिथं उसाचं.

इथं पहिली निवड आली. लोहाऱ्यात राहिलं तर तिला शाळा जवळ, त्याला काम लांब. उमरग्याला राहिलं तर उलट. त्यांनी उमरगा धरलं. ती सकाळी एसटीनं लोहारा, तिथून काळी-पिवळी जीपनं वाडी. अशा जा-येला एक सरकारी निर्णय कामाला आला. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांत बायकांना निम्मं तिकीट आहे. रोज जा-ये करणाऱ्या शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी पर्यवेक्षिका यांच्या महिन्याच्या खर्चात त्यानं जाणवण्याइतका फरक पडला. माझ्या बघण्यात घर कुठं घ्यायचं या निर्णयावर अलीकडच्या काळात इतका थेट परिणाम दुसऱ्या कुठल्या योजनेनं केलेला नाही, आणि योजना आखणाऱ्यांच्या डोक्यात तो बहुधा नव्हताही. अर्थात तिकीट निम्मं झालं म्हणून गाड्या वाढल्या नाहीत. दुपारची फेरी रद्द झाली की तासभर थांब्यावरच.

आणि मग मुख्यालय. सरकारी भाषेत जिथं नेमणूक तिथं राहायचं, याला मुख्यालयी राहणं म्हणतात. घरभाडे भत्ता त्यासाठी. सातव्या वेतन आयोगानंतर राज्यात हा भत्ता तीन दरांनी सुरू झाला: मुंबई-पुण्याला मूळ वेतनाच्या २४ टक्के, सोलापूर, नांदेड, कोल्हापूर अशा शहरांना १६, आणि उरलेल्या सगळ्या ठिकाणांना ८. महागाई भत्त्याबरोबर हे दर पुढं वाढतात, पण प्रमाण तेच. यात गंमत अशी, की लातूर शहर आणि लोहाऱ्याची वाडी एकाच दरात बसतात. शिवाय दर ठरतो तो नेमणुकीच्या जागेवरून; तुम्ही प्रत्यक्षात भाडं कुठं भरता याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मुलांसाठी पुण्यात घर ठेवणाऱ्याला भत्ता वाडीचा.

२०१९ साली ग्रामविकास विभागानं मुख्यालयी राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठराव मागायला सुरुवात केली. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी शिक्षक गावात राहत नाहीत आणि भत्ता मात्र उचलतात, हा मुद्दा लावून धरला. त्यावर शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. दोन्ही बाजूंचं पुष्कळ बोलून झालं आहे. बंब यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. गावात राहणारे गुरुजी आणि पाचच्या गाडीकडे डोळे लावलेले गुरुजी यांत फरक असतोच. पण त्या सगळ्या वादात एका बाजूचं कुणी काही बोललं नाही. गावात राहायचं म्हणजे शिक्षकानं एकट्यानं राहायचं की घर घेऊन? नवरा-बायको दोघं शिक्षक असतील, त्यांच्या शाळा वेगवेगळ्या टोकांना असतील, तर दोन मुख्यालयं आणि एक स्वयंपाकघर यांचा मेळ घालायचा कसा? ठरावाच्या नमुन्यात त्याला रकाना नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी सरपंच सही करतात, ग्रामसेवक शिक्का मारतात आणि सगळे आपापल्या गाडीनं घरी जातात.

सरकारला हे कळत नाही असं मात्र नाही. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांचं धोरण २०१७ मध्ये बदललं. त्यात पती-पत्नी एकत्रीकरणासाठी स्वतंत्र संवर्ग केला. दोघांच्या शाळांत ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर त्यांना प्राधान्य. शिक्षकांच्या बोलण्यात हे ‘संवर्ग दोन’ म्हणून येतं, आणि लग्नाच्या वेळी स्थळ बघतानासुद्धा येतं. शिक्षिकेला शिक्षकच नवरा बघण्यामागं पगार हे एक कारण. संवर्ग दोन हे दुसरं. केंद्रानं १९८६ पासून पती-पत्नीला एका ठिकाणी ठेवण्याच्या सूचना काढल्या, २००९ मध्ये त्या अधिक ठाम केल्या. सार्वजनिक बँकांना २०१४ मध्ये सांगण्यात आलं, की विवाहित महिला कर्मचाऱ्याला शक्य तिथवर नवऱ्याच्या गावी किंवा जवळपास नेमावं. या सगळ्यांत एक अट, कुठं लिहिलेली तर कुठं गृहीत, आहे: दोघंही नोकरदार, आणि बहुतेक वेळा दोघंही सरकारी. आपल्या लेथवाल्याला कुठलाच संवर्ग नाही.

न्यायालयात गेलं तरी फार हाती लागत नाही. १९९२ मध्ये छापून आलेल्या बँक ऑफ इंडियाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की नवरा-बायकोला एकत्र ठेवणं इष्ट आहे, पण तो हक्क नव्हे. देशभर बदली होणारी नोकरी पत्करताना बढती की एकत्र घर हे ज्यानं त्यानं ठरवावं. तीस वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये, केंद्रीय अबकारी निरीक्षकांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाचा सूर बदललेला दिसतो. कौटुंबिक जीवन हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे, धोरण आखताना सरकारनं पती-पत्नीच्या नेमणुकीचा पुन्हा विचार करावा, असं न्यायालयानं सुचवलं. बदलीचं परिपत्रक मात्र कायम राहिलं.

घर कुठं, हे नवरा-बायकोपैकी कुणी ठरवायचं, यावरही न्यायालयांनी बोलून ठेवलं आहे, आणि ते वाचण्यासारखं आहे. १९६० च्या दशकात पंजाब उच्च न्यायालयापुढं एक बाई आली. शिकून दुसऱ्या गावी नोकरी धरलेली. न्यायालयानं नवऱ्याच्या बाजूनं कौल दिला: बायकोनं नोकरी सोडावी आणि नवऱ्याच्या घरी यावं. १९७८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं स्वराज गर्ग यांच्या खटल्यात नेमका उलट कौल दिला. बाई पंजाबात सुनामला मुख्याध्यापिका, नवरा दिल्लीत, त्याचा पगार तिच्याहून कमी. घराचं गाव निवडण्याचा हक्क एकट्या नवऱ्याचा नाही, दोघांच्या सोयीनं ठरायला हवं, असं न्या. व्ही. एस. देशपांडे यांच्या निकालपत्रात आहे. रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी जायला नकार दिला आणि १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी त्यांची बाजू घेतली, तिथपासून हा रस्ता सुरू होतो. रखमाबाईंचं प्रकरण नोकरीचं नव्हतं. पण ‘घर म्हणजे नवरा असेल ते’ या समजुतीला मराठी घरातून मिळालेला पहिला मोठा धक्का तोच.

बदलीनं बायकांचं नेहमी नुकसानच झालं, असंही नाही. न्यायमूर्ती रानड्यांची १८७८ मध्ये नाशिकला आणि पुढच्या वर्षी, सरकारची वक्र नजर असताना, धुळ्याला बदली झाली. त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणी वाचताना जाणवतं, की पुण्याच्या भरल्या घरात त्यांच्या शिकण्यावर वडीलधाऱ्या बायकांचा रोष होता. तो रोष नाशिकला पोचला नाही. तिथं त्या पहिल्यांदा स्वतःच्या घराच्या मालकीण झाल्या, चारचौघांत बोलायला लागल्या. आनंदीबाई जोश्यांचं उदाहरण तर सरळ उलट्या टोकाचं. टपाल खात्यातले गोपाळराव बायकोच्या शिक्षणासाठी बदल्या मागून घेत. कल्याणहून अलिबाग, मग कोल्हापूर, मुंबई, भूज, बंगालात बराकपूर आणि श्रीरामपूर. गोपाळरावांचा स्वभाव आणि त्यांचा जाच यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि ते योग्यच आहे. तरी एक गोष्ट खरी, की आदेशात नाव नसलेल्या माणसाचा दिवस बघून गाव निवडणारा नोकरदार दीडशे वर्षांपूर्वीही होता.

बदलीची जागा सासरपासून लांब असेल तर ती सुनेला आवडू शकते, हे लोहाऱ्यातही दिसतं. इथं येऊन राहिलेल्या कित्येक बायका हळूच सांगतात, की इथं डोक्यावर पदर घ्यायला सांगणारं कुणी नाही. पाहुण्यांच्या रांगा नाहीत. स्कूटी इथंच शिकले. बाहेरच्या माणसाला लोहारा म्हणजे शिक्षा वाटते. ज्यांना तिथं पहिल्यांदा स्वतःची किल्ली मिळाली त्यांना तसं वाटत नाही. म्हणून ‘तालुक्याच्या गावी बायकांचे हाल होतात’ असं सरसकट कुणी म्हणालं तर ते मला पटत नाही. हाल कुणाचे होतात ते त्या बाईला आधीच्या घरी काय होतं त्यावर ठरतं. आधी बँकेत नोकरी करत होती आणि ती सोडून आली, तर होतात.

स्वतःच्या मर्जीनं या भागात येऊन राहिलेल्यांची गोष्ट अर्थात निराळी. तालुक्यातल्या हिप्परगा (रवा) इथं १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. निजामी राजवटीत मराठीतून, राष्ट्रीय विचारांनी शिकवणारी. १९२९ मध्ये तिथं मुख्याध्यापक म्हणून आले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ. मजूर चळवळीतलं दिल्लीचं काम बघितलेला माणूस या आडगावात येऊन राहिला. ते अविवाहित; राहायचं कुठं हे त्यांना घरात कुणाला विचारावं लागलं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. आपल्याकडच्या त्यागाच्या पुष्कळ गोष्टींत हा तपशील निसटतो. त्यापेक्षा आपल्या विषयाला जवळचं उदाहरण नळदुर्गजवळच्या अणदूरचं. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी या जोडप्यानं तिथं हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम उभं केलं आणि गावोगावच्या बायकांना आरोग्याचं प्राथमिक शिक्षण देऊन भारतवैद्य म्हणून तयार केलं. दोघंही डॉक्टर, दोघांचंही काम त्याच गावात. तिथं ‘कुणामागं कोण आलं’ हा प्रश्नच उरत नाही. भूकंपानंतर सास्तूरला उभं राहिलेलं स्पर्श ग्रामीण रुग्णालयही या तालुक्यात राहणाऱ्या कुटुंबाला मोठा आधार. घर निवडताना बाळंतपण जवळ असलेल्यांनी तर नकाशावर आधी हेच बघावं.

पण मुलं मोठी होतात, आणि लोहाऱ्यात जमलेलं घर तिथं फुटतं. वळण साधारण आठवीत येतं, फार तर दहावीनंतर. लातूर! गेल्या तीन-चार दशकांत ‘लातूर पॅटर्न’नं मराठवाड्यातल्या घरांचे जेवढे तुकडे केले तेवढे दुष्काळानंही केले नसतील, असं मी म्हटलं तर रागावू नका. राजर्षी शाहू, दयानंद ही महाविद्यालयं, त्यांच्याभोवती वाढलेले क्लासेस, वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा. मुलाला एकट्याला वसतिगृहात ठेवायचं नाही, म्हणून आई लातूरला खोली करून राहते. बाप लोहाऱ्यात, दुपारचा डबा खानावळीचा. ती खोली एका वर्षासाठी घेतलेली असते. पाठोपाठ धाकटी असते, आणि चार-पाच वर्षं जातात. या स्थलांतराचा कुठं आदेश निघत नाही, त्याला भत्ता नाही आणि कुठल्या पाहणीत त्याची वेगळी नोंद नाही. आई स्वतः शिक्षिका असेल तर ती लातूरहून अप-डाऊन करते. नसेल तर तिचं तालुक्यात जमवलेलं जे काही होतं, शिवणकाम, बचत गट, शिकवण्या, ते मोडतं. लोहाऱ्यात येताना तिचा दिवस कुणी विचारला नव्हता. लातूरला जातानाही विचारत नाहीत. मला विचाराल तर सगळ्या मुलांना लातूरची गरज नसते. पण हे दहावीत नव्वद टक्के मिळालेल्या मुलाच्या आईबापाला सांगायची माझी हिंमत नाही.

उमरग्याच्या त्या जोडप्याकडे परत येऊ. पहिलं वर्ष वाईट गेलं. ती दमून यायची, तो दिवसभर घरात बसून आणखी दमलेला. गॅरेजमधलं काम त्यानं तीन महिन्यांत सोडलं; शिरोलीत हाताखाली माणसं होती, इथं हाताखाली स्वतःच. मग शाळेच्याच गावात एका शेतकऱ्याची पाण्यातली मोटर जळाली आणि ‘मॅडमचे मिस्टर कारखान्यात होते म्हणं’ म्हणून त्याला बोलावणं आलं. मोटर वर काढायची, उघडायची, गुंडाळी भरायची, पुन्हा सोडायची. सोयाबीन निघून रब्बीचं पाणी सुरू होतं, मोटरी पटापटा जळत होत्या. उमरग्याहून यायला मिस्त्री दोन दिवस लावायचे. मिस्टरांनी लोहाऱ्यात बसथांब्यापासून थोड्या अंतरावर एक गाळा बघितला, आणि दुसऱ्या वर्षी बिऱ्हाड उमरग्याहून लोहाऱ्याला आलं. कॉलमचं घर, बोअर मेमध्ये बघून घेतलेला. तिच्या शाळेचं अंतर निम्म्याहून कमी झालं, पण घर हललं ते गाळ्यामुळं. पंचायत समितीतल्या कुणी तिला मुख्यालयी राहायला आल्याबद्दल शाबासकी दिली, तेव्हा ती नुसती हसली. आता गिरणीवर लोक त्याला नावानं ओळखतात, आणि तिला कधीमधी ‘मोटरवाल्यांच्या मॅडम’ म्हणतात. त्यावर ती चिडते, पण फार नाही.

यंदा आंतरजिल्हा बदलीचं पोर्टल उघडलं. तिला कोल्हापूर मिळण्याची आशा लागली आहे. सासूबाईंचा फोन रोज येतो, मुलगी आता चौथीत आहे, तिकडची शाळाही बघून ठेवली आहे. अर्ज भरायची मुदत संपायला चार दिवस उरलेत आणि लॅपटॉपसमोर दोघं बसलेत. पुढच्या हंगामाच्या मोटरींचं सामान त्यानं उधारीवर उचलून ठेवलं आहे, गाळ्याचा करार अजून तीन वर्षांचा आहे. ती म्हणते, आपलं घर तिकडंच आहे. तो म्हणतो, आहे खरं. पण तिथं जाऊन मी काय करू?